स्पार्क प्लगच्या डब्यावरचे बॉश कोण होते?

नाशिककरांना मायको सर्कल माहीत असतंच. ती मायको म्हणजेच २००८ पासूनची बॉश लिमिटेड. मी माझ्या जुन्या पेट्रोल कारचे प्लग आणि कॉइल घरीच बदलतो, तेव्हा डब्यावर हेच नाव असतं. तर हे बॉश कोण?

रॉबर्ट बॉश यांचा जन्म १८६१ मध्ये जर्मनीत, उल्मजवळच्या अल्बेक गावी झाला. ते मेकॅनिकचं काम शिकले, अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत राबले आणि १८८६ मध्ये स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप टाकलं. १८९७ मध्ये त्यांनी मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, मोटारगाडीला बसवलं. पण त्यात सिलिंडरच्या आत हलणारे भाग होते. वेगवान इंजिनला ते जमेना.

१९०२ मध्ये त्यांचे इंजिनीअर गॉटलोब होनोल्ड यांनी हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगची जोडी बनवली. आत हलणारं काही उरलं नाही, ठिणगी प्लगच्या फटीतच पडू लागली. १९०६ मध्ये बॉश यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. १९४२ मध्ये ते वारले.

आज मॅग्नेटोच्या जागी कॉइल आहे. ती बॅटरीचे १२ व्होल्ट हजारोंवर नेते. प्लग मात्र तसाच, आट्यांनी बसणारा. म्हणून तो आपल्यालाही बदलता येतो : इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, कॉइल काढा, प्लग सॉकेटने उघडा. नवा प्लग आधी हातानेच फिरवा, नाहीतर आटे जातील.

डब्यावर नाव बॉश यांचं आहे. होनोल्ड यांचंही लक्षात ठेवा.