महात्मा फुले : बाजारातल्या शेतकऱ्याचा कैवारी

पिंपळे सौदागर (प्रतिनिधी) : ११ एप्रिल २०२० रोजी महात्मा जोतीराव फुले यांची जयंती आली, तेव्हा देश टाळेबंदीत होता. पुतळ्यांना हार घालायलाही मोजकीच माणसे जमू शकली. त्याच सुमारास गुलटेकडीचा घाऊक बाजार गर्दीमुळे बंद करावा लागला. शेतात भाजी तयार होती, शहरात खाणारे होते. मधला रस्ताच तुटला होता. बाजार सुरू ठेवावा तर संसर्गाचे भय, बंद ठेवावा तर शेतकऱ्याचे मरण, अशी ती कोंडी होती. पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांतील प्रसिद्ध मंडयांना ज्यांचे नाव आहे, त्या जोतीरावांचे चरित्र या कोंडीच्या प्रकाशात पुन्हा वाचण्याजोगे आहे.

माळ्याचे घर

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव यांची शेती होती आणि भाजीविक्रीचे दुकानही. जोतीरावांना काही काळ शाळेतून काढून मळ्यातल्या कामाला लावण्यात आले. गफार बेग मुन्शी आणि लेजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये त्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. हा इतिहास पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी बोलले जाते ते त्यांच्या व्यवसायाबद्दल. शाळा आणि समाजकार्य यांवर ते पोट भरत नव्हते. बांधकामाची कंत्राटे आणि भाजीपाल्याचा व्यापार हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. मांजरी येथे त्यांनी शेती घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखविली. शेतमाल पिकविणे आणि तो विकणे या दोन्ही बाजू त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या.

दुष्काळाने दिलेला धडा

१८७६-७७ चा दुष्काळ महाराष्ट्राला होरपळून गेला. गावे ओस पडली, पोरकी झालेली मुले रस्त्यावर आली. जोतीराव आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे बालाश्रम उघडला आणि तेथे मुलांच्या अन्नाची सोय केली. संकट आले की सर्वांत आधी अन्नाची साखळी तुटते आणि तिचा पहिला फटका ज्याच्या गाठीला काही नाही त्यालाच बसतो, हे त्यांनी जवळून पाहिले.

१८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा हिशेब त्यांनी त्यात मांडला. सरकारी सारा, सावकाराचे व्याज, कचेरीतील लाच यांबरोबरच शहरात माल आणताना बसणारी जकात आणि मधल्यांची कमाई यांवरही त्यांनी आसूड ओढला. हंगामभर राबलेला माणूस गाडी भरून शहरात येतो आणि परत जाताना त्याच्या हाती फारसे काही उरत नाही, ही त्यांची तक्रार एका विक्रेत्याची होती, तशीच एका अभ्यासकाचीही.

नगरपालिकेतील सहा वर्षे

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध नोंदविला.

पुण्याची भाजी तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात विकली जात असे. तिच्यासाठी भव्य दगडी मंडई बांधण्याचे घाटत होते. स्वतः भाजीचे व्यापारी असूनही जोतीरावांनी त्या खर्चाला विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने होते. गोरगरिबांच्या मुलांना शाळा नसताना इमारतीवर लाखो रुपये घालणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे मागे पडले. १८८६ मध्ये अष्टकोनी मंडई उभी राहिली आणि गव्हर्नरांच्या नावाने ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊ लागली.

पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना या मंडईला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. ज्या वास्तूला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव आले. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटही पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. यात काव्यगत न्याय शोधण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या विरोधाचा गाभा ध्यानात घेण्यासारखा आहे. बाजार म्हणजे इमारत नव्हे. पिकविणारा आणि खाणारा यांच्यातील व्यवहार म्हणजे बाजार, असे त्यांच्या एकूण भूमिकेतून दिसते.

प्लेगचा काळ

१८८८ मध्ये मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

सहा वर्षांनी मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या परिसरात, प्लेग प्रकटला आणि १८९७ च्या प्रारंभी पुण्यात त्याने हाहाकार माजविला. उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा हे या रोगाचे वाहक आहेत, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोकांच्या मनात रोगाइतकीच सरकारची धास्ती बसली.

अशा वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या. डॉक्टर झालेला दत्तक पुत्र यशवंत याच्यासह त्यांनी दाट वस्तीपासून दूर, ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. रुग्णांना त्या स्वतः तेथे नेत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणले, असे सांगितले जाते. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुन्हा मोकळे मैदान

या घटनेनंतर सव्वाशे वर्षे उलटण्याच्या आत पुणे आणि पिंपरी-चिंचवडने पुन्हा साथ अनुभवली. रोग वेगळा होता. करोना श्वासातून पसरत होता आणि त्याला बंदिस्त जागा व दाटी सोयीची होती. त्यामुळे गाळ्यांत दाटलेली भाजीविक्री उद्योगनगरीत मोकळ्या मैदानांवर हलवावी लागली. अंतराच्या खुणा, ठरावीक वेळ, मुखपट्टी आणि हात धुण्याची सोय हे बाजाराचे नवे नियम झाले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पटांगणातून छताखाली गेलेला बाजार आरोग्यासाठी पुन्हा उघड्या आभाळाखाली आला.

पवनेच्या काठावरील पिंपळे सौदागर हे एकेकाळचे शेतीचे गाव. आता तेथे गृहनिर्माण सोसायट्यांची दाटी आहे. टाळेबंदीच्या काळात शहरातील अशा सोसायट्यांच्या दारात शेतकरी गटांची वाहने येऊ लागली. मागणी आधी नोंदवायची, निवडलेल्या भाजीच्या पिशव्या तयार ठेवायच्या, रहिवाशांनी इमारतवार खाली यायचे, अशी पद्धत बसली. हाताळणी कमी झाली, गर्दी टळली आणि मधले हातही घटले. २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला होता. संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले होते. त्या पायवाटेचा या काळात उपयोग झाला.

तरीही एक प्रश्न उरतो. बाजार सुरक्षित करण्याचा भार कोणी सोसायचा? मैदान, पाणी, तपासणी यांचा खर्च विक्रेत्याच्या माथी मारला, तर नियम कागदावर राहतात. बाजारच बंद केला, तर ग्राहकाला चार दिवस जपून काढता येतात. नाशवंत माल घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती सवड नसते. नगरपालिकेच्या सभागृहात बसूनही जोतीरावांनी हिशेब मांडला तो या दुसऱ्या माणसाच्या बाजूने.

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा मोकळी जागा कोणती आणि शेतकऱ्याची गाडी कोठवर येणार, हे आधी ठरलेले असावे. मंडईवर कोरलेल्या नावाचा तेवढा मान राखणे शहराच्या हाती आहे.