गॅलिलिओ

मुलांनो, तुमची शाळा घरापासून एक किलोमीटर दूर आहे आणि तिथे पायी पोचायला तुम्हांला बारा मिनिटे लागतात, असे समजा. मग तुमचा वेग किती? ताशी पाच किलोमीटर. हे उदाहरण तुम्ही सहज सोडवाल, कारण वेळ पाहायला तुमच्याजवळ घड्याळ आहे. पण सेकंद मोजणारे घड्याळच नसेल तर? गॅलिलिओ या थोर शास्त्रज्ञापुढे हीच अडचण होती.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा शहरात झाला. त्याचे वडील संगीतकार होते. मुलाने वैद्य व्हावे, असे त्यांना वाटे. पण गॅलिलिओला गणिताची गोडी लागली. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला.

वरून सोडलेली वस्तू कशी पडते, हे त्याला जाणून घ्यायचे होते. पण ती इतक्या झटकन खाली येते, की वेळ मोजताच येत नाही. तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. त्याने एका लांब लाकडी फळीला सरळ, गुळगुळीत खाच पाडली. फळी थोडी तिरपी ठेवून खाचेतून धातूची गोळी सोडली. गोळी सावकाश घरंगळू लागली. वेळ मोजण्यासाठी त्याने पाण्याचे मोठे भांडे उंच ठेवले. भांड्याच्या तळाला बारीक नळी होती. गोळी खाली पोचेपर्यंत नळीतून पडणारे पाणी तो पेल्यात धरी आणि त्याचे वजन करी. पाणी दुप्पट भरले, की वेळ दुप्पट!

हा प्रयोग त्याने पुन्हा पुन्हा केला. दुप्पट वेळेत गोळी चौपट अंतर जाते आणि तिप्पट वेळेत नऊपट, असे त्याला आढळले. म्हणजे उतारावर गोळीचा वेग एकसारखा वाढत जातो.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ साली रोममध्ये चर्चच्या न्यायालयाने गॅलिलिओला शिक्षा दिली. उरलेले आयुष्य त्याला नजरकैदेत काढावे लागले. हळूहळू त्याची दृष्टीही गेली. तरी गतीच्या नियमांवरील आपला ग्रंथ त्याने पूर्ण केला. तो १६३८ साली हॉलंडमधील लायडन शहरात छापला गेला. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओचे निधन झाले.

मुलांनो, वेग, अंतर आणि वेळ यांची उदाहरणे सोडवताना पेल्यातल्या पाण्याचे वजन करणारा गॅलिलिओ आठवा. साधन नाही म्हणून तो थांबला नाही. त्याने साधन तयार केले.