कर्जखतामागचा माणूस

उमरेडला मी बँकेत कर्ज विभाग पाहत होतो, तेव्हाची गोष्ट. मार्चअखेरची घाई होती. एका विधवा बाईंचा कर्जाच्या कागदावर अंगठा घेतला; कागद वाचून दाखवला नाही. पुढे हप्ते थकले. राहते घर गहाण पडले आहे, हे बाईंना नोटीस आल्यावर कळले. त्या दिवसापासून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे माझी पाठ सोडत नाहीत.

रानडे म्हटले की आपल्याला प्रार्थना समाज आणि सार्वजनिक सभा आठवते. कर्जाचे दावे तपासत गावोगाव हिंडणारे रानडे फारसे कोणी सांगत नाही.

१८४२ साली निफाडला जन्मलेले रानडे १८७१ मध्ये पुण्यात न्यायाधीश झाले. मे १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते जाळली. दंगा पुणे-नगर भागात पसरला. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. तोवर कोर्ट अंगठा पाही आणि हुकूमनामा देई. आता मुद्दल किती, व्याज किती, फेडले किती, हे न्यायाधीशाने खोदून पाहायचे होते. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. शेतकऱ्याला पावती मागण्याचा हक्क मिळाला.

हा कायदा नीट चालतो का, हे तपासण्याचे काम १८८१ मध्ये रानड्यांकडे आले. त्यासाठी ते तालुकोतालुकी फिरले. दौऱ्यांत रमाबाईही सोबत असत. १८८७ मध्ये ते या कायद्याखालचे खास न्यायाधीश झाले, १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले.

सावकाराला आवरले, पण बियाण्याला पैसा कोण देणार? हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याच्या वेडरबर्न यांच्या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. लंडनने ती नाकारली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर, १९०४ मध्ये झाला.

१८७९ चा तो कायदा आमच्या नागपूरकडे नव्हता; इथे कर्ज तडजोडीचा कायदा १९३३ मध्ये आला. आज २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. अवैध सावकाराने बळकावलेले घर वा शेत त्याखाली परत मिळू शकते. पण आपण कशावर सही करतो, हे ज्याला कळलेच नाही, तो दाद मागायला जाणार कसा?

त्या बाईंचे हप्ते आम्ही नव्याने पाडून दिले आणि घर वाचले. वाचून दाखवायला दहा मिनिटे लागली असती, ती मात्र मी दिली नव्हती. आपल्या घरात कोणी कर्ज काढणार असेल, तर सहीपूर्वी शेजारी बसून कागद वाचून दाखवा.