देह उघडून पाहणारे बिशप : धन्यवादित नील्स स्टेन्सन



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत एक प्रश्न हमखास कानी येतो. ख्रिस्ती माणसाने मरणोत्तर आपला देह मेडिकल कॉलेजला दिला तर चालेल का? विद्यार्थी त्याची चिरफाड करणार, मग पुनरुत्थानाचे काय? उत्तराआधी आपण अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने स्वतः देहविच्छेदन केले आणि पुढे जो बिशप झाला.

नील्स स्टेन्सन यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एका लूथरपंथी सोनाराच्या घरी झाला. वैद्यक शिकण्यासाठी ते १६६० मध्ये अॅमस्टरडॅमला गेले. तेथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांनी एका नळीत बारीक सळई सरकवली. तिचे टोक तोंडात दातांवर आपटून वाजले! कानापुढच्या ग्रंथीतली लाळ याच वाटेने तोंडात येते. त्यांच्या शिक्षकांनी आधी ते मानले नाही आणि नंतर शोध आपलाच असल्याचे सांगितले. नील्स तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते.

हृदय म्हणजे देहातील उष्णतेची भट्टी, असे तेव्हाचे विद्वान मानत. हृदय हा एक स्नायू आहे, असे नील्स यांनी १६६४ च्या ग्रंथात दाखवून दिले. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती करणाऱ्या आपल्याला हे जरा रूक्ष वाटेल. पण स्नायू आहे म्हणूनच ते आपल्यासाठी अखंड राबते.

पुढे पॅरिसमध्ये विद्वानांच्या सभेत मेंदूवर बोलताना, आपल्याला मेंदूविषयी काहीच ठाऊक नाही, अशी कबुली देऊनच त्यांनी सुरुवात केली. मग देकार्त या थोर तत्त्वज्ञाने मेंदूतील एका ग्रंथीविषयी जे लिहिले होते, ते प्रत्यक्ष मेंदूशी जुळत नाही, हे त्यांनी दाखवले. सेमिनरीत आम्ही देकार्त शिकलो तो पुस्तकातून. नील्स यांनी मात्र त्याला विच्छेदनाच्या टेबलावर तपासले.

१६६६ साली इटलीतील लिव्होर्नो येथे त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली. ही एक तर साधी भाकर आहे आणि हे लोक वेडे आहेत, नाहीतर हे खरोखर ख्रिस्ताचे शरीर आहे आणि मग मी गुडघे का टेकत नाही, या विचाराने त्यांना घेरले. पुढे फ्लॉरेन्समध्ये औषधालय सांभाळणाऱ्या एका सिस्टरशी त्यांची श्रद्धेवर बोलणी होत राहिली. २ नोव्हेंबर १६६७ रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्यांनी कॅथॉलिक होण्याचा निर्णय घेतला.

तरी त्यांनी सुरी लगेच खाली ठेवली नाही. १६७३ मध्ये कोपनहेगनला त्यांनी मानवी देहाचे जाहीर विच्छेदन करून शिकवले. विच्छेदन करणारा म्हणजे देवाच्या हातातील दाखवण्याची काठी, असे ते मानत. १६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १६७७ मध्ये उत्तर जर्मनीतील मिशनसाठी बिशप. गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपची अंगठीसुद्धा विकली. ५ डिसेंबर १६८६ रोजी श्वेरीन येथे, वयाच्या ४८ व्या वर्षी, पोटाच्या असह्य वेदना सोसत ते वारले. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले.

आता आपला प्रश्न. १२९९ साली पोप आठवे बोनिफास यांनी बंदी घातली ती प्रेते उकळून हाडे दूरदेशी नेण्याच्या प्रथेवर, वैद्यकीय अभ्यासावर नव्हे. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम (परिच्छेद २३०१) शास्त्रीय संशोधनासाठी शवविच्छेदनाला परवानगी देतो आणि अवयवदान पुण्यप्रद मानतो. मृतदेहाचा मान राखला जावा, एवढी अपेक्षा आहे. पुनरुत्थानाचे म्हणाल, तर ज्या देवाने मातीतून माणूस घडवला त्याला टेबलावरचा देह अवघड जाईल काय? ज्यांच्या मनात देहदान आहे त्यांनी आधी घरच्यांशी बोलावे, कारण ऐन दुःखात होणारे वाद आम्ही पाहिले आहेत. देह कॉलेजला गेला तरी घरच्यांनी चर्चमध्ये मिस्सा जरूर ठेवावी.

५ डिसेंबर हा धन्यवादित नील्स यांचा स्मरणदिन. ज्यांची मुले मेडिकलला आहेत त्यांनी त्या दिवशी मुलांना विचारावे, स्टेन्सनची नळी कुठे उघडते? गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर.