ऑस्बर्नची सुटकेस

नवं ग्राफिक्स कार्ड जाहीर होतं, आपण रूमवर तारीख धरून बसतो आणि त्या दिवशी काही मिनिटांतच 'आउट ऑफ स्टॉक'! सप्टेंबर 2020 मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3080 चं हेच झालं. डोकं फिरतं, मान्य. पण घोषणा आधी आणि माल नंतर या भानगडीत एक अख्खी कंपनी बुडाली, त्याची ही गोष्ट.

ॲडम ऑस्बर्नचा जन्म 6 मार्च 1939 ला बँकॉकमध्ये झाला. वडील इंग्रज, आई पोलिश. महायुद्धात वडील जपान्यांच्या कैदेत सापडले, आणि हे पोरगं आई-बहिणींबरोबर तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत वाढलं. पुढे इंग्लंड. बर्मिंगहॅमहून 1961 ला केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री (केमिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!), मग अमेरिकेत डेलावेअरला पीएचडी आणि शेल कंपनीत नोकरी.

नोकरीत काही मन रमलं नाही. मायक्रोप्रोसेसरवर सोप्या भाषेत पुस्तकं लिहायला लागला, स्वतःच छापायला लागला. ती इतकी खपली की 1979 मध्ये मॅकग्रॉ-हिलने त्याची प्रकाशन संस्थाच विकत घेतली. शिवाय तो मासिकात सदर लिहायचा आणि कॉम्प्युटर कंपन्यांना झोडपायचा. तयार नसलेल्या मशीनची जाहिरात करून गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेणाऱ्यांवर तर त्याचा विशेष राग. हे लक्षात ठेवा.

एप्रिल 1981 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्याने 'ऑस्बर्न 1' मांडला. हार्डवेअर ली फेल्सेन्स्टाईनचं. झेड-80 प्रोसेसर, 64 केबी मेमरी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि जेमतेम 5 इंची स्क्रीन! झाकण लावलं की सुटकेस, वजन सुमारे 11 किलो. याला पोर्टेबल म्हणायचे, हात दुखला तरी. पण खरी गंमत किमतीत होती. 1795 डॉलरमध्ये मशीन, वर वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिक फुकट. हे सॉफ्टवेअर वेगळं घेतलं असतं तर जवळजवळ तेवढेच पैसे पडले असते. लोक तुटून पडले. भरात असताना महिन्याला दहा हजार मशीन जात होती.

1982 मध्ये कायप्रो आला. त्याच किमतीत 9 इंची स्क्रीन! ऑस्बर्नने उत्तर म्हणून 1983 च्या सुरुवातीला 7 इंची स्क्रीनचा 'एक्झिक्युटिव्ह' जाहीर केला, पण तो दुकानात पोचायला वेळ होता. आता तुम्हीच सांगा, चांगलं मशीन येतंय कळल्यावर जुनं कोण घेणार? दुकानदारांनी ऑर्डरी थांबवल्या, तयार माल गोदामात पडून राहिला, रोकड आटली. दुसऱ्यांच्या आगाऊ घोषणांवर तुटून पडणारा माणूस स्वतःच्याच घोषणेत अडकला. सप्टेंबर 1983 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. कामगार घरी गेले, ज्यांचा काही दोष नव्हता.

तेव्हापासून या प्रकाराला 'ऑस्बर्न इफेक्ट' म्हणतात. मला हे नाव थोडं अन्यायाचं वाटतं. कायप्रोची स्पर्धा होती, आयबीएम पीसीची लाट आली होती, आणि इतक्या वेगाने वाढलेल्या कंपनीत हिशोबाचा ताळमेळही नव्हता. एकट्या घोषणेने एवढं मोठं जहाज बुडत नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

गडी मात्र स्वस्थ बसला नाही. 1984 मध्ये त्याने स्वस्त सॉफ्टवेअर विकणारी 'पेपरबॅक सॉफ्टवेअर' काढली. त्यांचं स्प्रेडशीट आपल्यासारखं दिसतं म्हणून लोटसने 1987 ला कोर्टात खेचलं आणि 1990 मध्ये लोटस जिंकली. मग मेंदूच्या आजाराने त्याला गाठलं. तो भारतात परतला, कोडाईकनालला बहिणीकडे राहिला आणि तिथेच 18 मार्च 2003 ला गेला. वय 64. त्याची ती 11 किलोची सुटकेस आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहे, झाकण उघडून ठेवलेली.