रोगाचे मूळ ताटात

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. उन्हाने भाजावी तशी रोग्याची त्वचा लाल होई व तिचे पापुद्रे निघत. मग अतिसार जडे, बुद्धीला भ्रम होई आणि पुष्कळांचा अंत होई. हा रोग जंतूंमुळे पसरतो, अशी बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. त्यामुळे लोक रोग्याजवळ जाण्यासही भीत. १९१४ साली या रोगाचा छडा लावण्याचे काम सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपविले.

गोल्डबर्गर यांचा जन्म १८७४ साली त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब न्यूयॉर्कला आले व तेथे वडिलांनी किराणा मालाचे दुकान घातले. १८९५ साली जोसेफ डॉक्टर झाले आणि १८९९ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत शिरले. साथींचा अभ्यास करताना पीतज्वर, डेंग्यू व टायफस या तिन्ही रोगांनी त्यांना गाठले. तरी त्यांनी हे काम सोडले नाही.

दक्षिणेतील अनाथालये व मनोरुग्णालये पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. रोग्यांची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्यांना पेलाग्रा होत नसे. रोग संसर्गजन्य असता, तर त्यांनाही तो झालाच असता. जॅक्सन येथील एका अनाथालयात तर मुख्यतः सहा ते बारा वर्षांची मुलेच आजारी होती. त्याहून लहान मुलांना दूध मिळे. मोठी मुले कष्टाची कामे करीत, म्हणून त्यांना थोडे मांस मिळे. मधल्या मुलांच्या वाट्याला मात्र मक्याचे पदार्थ, काकवी असे निकस अन्नच येई. गोल्डबर्गर यांनी तेथे सर्वांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये देण्याची व्यवस्था केली. पुढे तेथील पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला.

१९१५ साली त्यांनी उलट प्रयोग केला. मिसिसिपी राज्यातील बारा कैदी शिक्षामाफीच्या आश्वासनावर त्यात सामील झाले. त्यांना पोटभर, परंतु निकस अन्न देण्यात आले. शेवटपर्यंत टिकलेल्या अकरा जणांपैकी सहांना काही महिन्यांतच पेलाग्रा झाला.

तरीही विरोधक जंतूंचाच हेका धरून बसले. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही तेच केले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

पण लोक असे अन्न खात तरी का? कारण होते दारिद्र्य. कुळांना जमिनीत कापूसच पिकवावा लागे. गाय पाळणे किंवा भाजीपाला लावणे पुष्कळांना शक्य नसे. ही गोष्ट त्यांनी उघडपणे मांडली, म्हणून अनेकांचा रोषही पत्करला. पुढे यीस्ट हे या रोगावर स्वस्त औषध असल्याचे त्यांना आढळले. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा आपद्‌ग्रस्तांना यीस्ट वाटून पुष्कळांना वाचविता आले.

१९२९ साली कर्करोगाने गोल्डबर्गर यांचे निधन झाले. अन्नातील तो हरवलेला घटक मात्र त्यांच्या हाती लागला नव्हता. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी तो शोधला. आज त्याला नायसिन म्हणतात. मक्यात तो असतो, पण अशा रूपात की शरीराला सहसा मिळत नाही. मेक्सिकोतील लोक पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत आले आहेत. त्यामुळे तो घटक मोकळा होतो व त्यांना या रोगाची बाधा फारशी होत नसे.

पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उणे अन्न एका दिवसात आपला परिणाम दाखवीत नाही. महिनोन्‌महिने ते शरीर आतून पोखरीत राहते. हे सत्य गोल्डबर्गर यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून जगापुढे ठेवले.