केशवराव जेधे : विरोध जन्माला की वर्चस्वाला?

सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता आणि शिवाजी रस्ता जेथे एकत्र येतात, त्या स्वारगेटच्या चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. एस.टी. गाठण्यासाठी धावणारे प्रवासी, पीएमपीच्या बसमधून उतरणारे नोकरदार आणि २०२४ पासून भुयारी मेट्रोने येणारे पुणेकर यांपैकी अनेकांना जेधे चौक हा केवळ एक थांबा म्हणून ठाऊक आहे. ज्यांचे नाव या चौकाला दिले गेले, त्यांच्या आयुष्याला मात्र एका अवघड प्रश्नाने वळण दिले. जन्मावरून माणसाला हीन लेखणे हा अन्याय असेल, तर जन्मावरूनच एखाद्याला अन्यायी ठरविणे कितपत न्याय्य?

हा प्रश्न पुढे जगाच्या व्यासपीठावरही आला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्ध करार स्वीकारला, तेव्हा त्याच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्याबरोबर कुळ, म्हणजे जन्माने मिळालेले स्थान, हाही आधार धरला गेला. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. जातिभेद या व्याख्येत बसतो, असा दलित संघटनांचा आग्रह होता. जात म्हणजे वंश नव्हे, अशी भारत सरकारची भूमिका होती. पुण्याच्या पेठांत हाच वाद वेगळ्या शब्दांत १९२० च्या दशकात पेटला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी तिशीही न गाठलेले केशवराव होते.

जेधे मॅन्शनचा वारसा

केशवराव मारुतराव जेधे यांचा जन्म १८९६ चा, पुण्यातला. घराणे शिवकालातील कान्होजी जेधे यांच्याशी नाते सांगणारे. पितळी भांड्यांच्या व्यवसायामुळे घरात सुबत्ता होती. थोरले बंधू बाबुराव हे सत्यशोधक चळवळीतले. त्यामुळे शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन ही वास्तू ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांचे हक्काचे ठिकाण बनली.

तेथून जवळच गंज पेठेत महात्मा जोतीराव फुले यांचा वाडा. फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. कृष्णवर्णीय गुलाम आणि येथील शूद्रातिशूद्र यांचे दुःख एकाच जातीचे आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते. ब्राह्मण हे बाहेरून आलेले आर्य आणि शूद्रातिशूद्र हे येथले मूळ रहिवासी, अशीही मांडणी त्यांनी केली. त्या वेळी युरोपीय पंडितांत आर्य वंशाचा सिद्धान्त रूढ होता. लोकमान्य टिळकांनीही १९०३ मध्ये आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे परस्परविरोधी बाजूंनी आर्यांचे बाहेरून येणे गृहीत धरले होते. त्यातून काढलेले निष्कर्ष तेवढे वेगळे होते.

'देशाचे दुश्मन'

केशवरावांच्या पिढीने या मांडणीचे शस्त्र केले. दिनकरराव जवळकर हे धारदार लेखणीचे तरुण त्यांना सहकारी म्हणून लाभले. गणेशोत्सवात ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा उभा राहिला. त्यातील पदांनी शहर ढवळून निघाले. १९२५ मध्ये नगरपालिकेत निवडून आल्यावर केशवरावांनी पुण्यात फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आणला. त्याला कडाडून विरोध झाला. ज्या शहरात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्याच शहरात त्यांच्या पुतळ्याला जागा नाकारली जावी, हे ब्राह्मणेतर तरुणांच्या जिव्हारी लागले.

त्याच वर्षी जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक बाहेर पडले. प्रकाशक होते केशवराव. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात जहरी टीका होती. तिची भाषा व्यक्तींपाशी थांबत नव्हती. ती अवघ्या जातीवर घसरत होती. बदनामीचा खटला उभा राहिला. आरोपींच्या बचावासाठी मुंबईहून एक तरुण बॅरिस्टर आले. ते होते डॉ. भीमराव आंबेडकर. ऑक्टोबर १९२६ मध्ये त्यांनी हा खटला जिंकला आणि केशवरावांसह सर्वांची सुटका झाली.

महाडची अट

पुढच्याच वर्षी मात्र याच वकिलाने आपल्या अशिलांना ठाम नकार दिला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी पाणी प्यायले होते आणि दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी सुरू होती. जेधे-जवळकरांनी त्याला पाठिंबा देऊ केला, पण एका अटीवर. सत्याग्रहात कोणाही ब्राह्मणाला, तो कितीही प्रामाणिक असला तरी, सहभागी करून घेऊ नये.

आंबेडकरांनी ही अट जाहीरपणे फेटाळली. आपला झगडा ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसांशी नसून उच्चनीचतेची भावना जपणाऱ्या ब्राह्मण्याशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. ही भावना ब्राह्मणेतराच्या मनात असेल तर तोही तितकाच दोषी, आणि ब्राह्मणाने ती टाकली असेल तर तो आपला. व्याख्येचा पाया असा जन्मावरून वृत्तीवर आला. त्यामुळे दोषाचा परीघ एकीकडे आक्रसला आणि दुसरीकडे वाढला. सुधारक ब्राह्मण त्यातून सुटला. दलिताला विहिरीवर अडविणारा मराठा किंवा माळी त्यात सापडला. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना हा दुसरा भाग पचविणे अधिक जड होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा आंबेडकरांच्या बाजूने पुढाकार घेणाऱ्यांत गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते.

पुढे आंबेडकरांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्तच नाकारला. वंश हा जातीचा खुलासा होऊ शकत नाही, हे सांगणारा तो ग्रंथ त्यांनी फुले यांनाच अर्पण केला.

गाडगीळांच्या सोबतीने

महाडच्या नकाराचा केशवरावांच्या मनावर किती परिणाम झाला, हे मोजता येत नाही. त्यांची पुढची वाटचाल मात्र बोलकी आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगात ते काँग्रेसमध्ये आले आणि तुरुंगात गेले. पुण्याची काँग्रेस तोवर पांढरपेशांची मानली जाई. केशवरावांबरोबर खेड्यापाड्यांतला शेतकरी तिच्यात आला. या कामात त्यांचे जोडीदार होते काकासाहेब गाडगीळ, म्हणजे एक ब्राह्मण. तीन वर्षांपूर्वी ब्राह्मणांना दूर ठेवण्याची अट घालणारा नेता आता एका ब्राह्मणाबरोबर सभा गाजवू लागला. ज्यांच्या लेखणीने वादळ उठविले होते, ते जवळकरही इंग्लंडहून परतल्यावर आर्थिक विषमतेच्या प्रश्नाकडे वळले होते. १९३२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

जन्मावरून दोष देण्याचा मार्ग कोठे नेतो, हे १९४८ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. गांधीजींचा मारेकरी नथुराम गोडसे पुण्याचा चित्पावन ब्राह्मण होता. एवढ्याच कारणावरून पुणे, सातारा, कोल्हापूर भागांत हत्येशी काडीचाही संबंध नसलेल्या ब्राह्मणांची घरे जाळली गेली. दुसऱ्या बाजूला गावोगावचे दलित वेशीबाहेरच राहिले होते. दोन्ही अन्यायांची तीव्रता आणि इतिहास निराळा. मुळाशी असलेली समजूत मात्र एकच, की माणसाचे गुणदोष त्याच्या जन्मात असतात.

टिळक स्मारक मंदिरातील सभा

स्वातंत्र्याच्या सुमारास केशवरावांनी शंकरराव मोरे यांच्यासह शेतकरी कामगार पक्षाची स्थापना केली. काही वर्षांनी ते काँग्रेसमध्ये परतले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पुन्हा बाहेर पडले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात सर्वपक्षीय सभा झाली आणि तिच्यात संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. सभेचे अध्यक्ष होते केशवराव आणि स्थळ होते टिळक स्मारक मंदिर. ज्या टिळकांना देशाचे दुश्मन ठरविणारे पुस्तक त्यांनी तीन दशकांपूर्वी प्रसिद्ध केले, त्यांच्याच स्मारकात ते अध्यक्षस्थानी होते. समितीत एस. एम. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे हे ब्राह्मण होते, प्रबोधनकार ठाकरे होते आणि आंबेडकरांचे अनुयायीही होते.

१९५७ मध्ये केशवराव बारामतीतून लोकसभेवर निवडून आले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या महाराष्ट्र राज्यासाठी ते झटले, ते त्यानंतर सहाच महिन्यांनी, १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले.

पुण्यातील वर्चस्वाविरुद्ध त्यांनी पुकारलेला लढा न्याय्य होता, हे फुल्यांच्या पुतळ्याच्या वादावरून दिसते. त्या लढ्यातली जातीवर दोष ठेवणारी भाषा त्यांनी पुढे मागे सोडली, हे टिळक स्मारक मंदिरातील सभेने दाखविले. उच्चनीचता ज्याच्या वागण्यात आहे तो कोणत्याही जातीचा असला तरी दोषी, ही महाडची कसोटी मात्र ब्राह्मणेतर समाजाने स्वतःला पुरती लावून घेतली नाही. केशवरावांच्या पिढीची ती बाकी महाराष्ट्राच्या खात्यावर अजून शिल्लक आहे.